स्वयंपाकघरातला गॅस आणि रस्त्यावरची गाडी

राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी साडेसहाला उभे राहिले, म्हणजे शहर जागे होताना दिसते. दूधवाले रतीब घालून परतू लागलेले असतात, फिरून आलेली मंडळी चहापाशी थबकलेली असतात, आणि शाळकरी मुलांना वाहून नेणाऱ्या व्हॅन एकामागून एक येऊ लागतात. शेजारच्या एका लहान मुलीला अशा व्हॅनमध्ये बसवून देण्याचे काम मागे एका पावसाळ्यात काही दिवस प्रस्तुत लेखकाकडे आले होते. एके दिवशी गाडीचे मागचे दार उघडताच कुजक्या कांद्यासारखा उग्र वास आला. आत डोकावून पाहिले, तो मागच्या बाकाखाली स्वयंपाकघरातला तांबडा सिलिंडर आडवा निजविलेला. त्याला दोरीने बांधलेले, वर पोते टाकलेले, पोत्यावर फळी आणि फळीवर तीन मुली. गाडीवाल्याला विचारले. तो ओशाळला नाही, तसा उद्धटही झाला नाही. "वास येतोय म्हंजे गॅस हाय, सर. वास थांबला की समजायचं, संपला," असे त्याने हसत सांगितले, आणि मग हसू आवरून म्हणाला, "पंपावर भरून परवडत न्हाई. पोरांमागं शंभर रुपये वाढवले तर आईबाप दुसरी गाडी बघत्यात. मी तरी काय करू?"

त्या मुलीला त्या दिवशी रिक्षाने शाळेत पोचविले. पण बाकीच्या मुली त्याच फळीवर बसून गेल्या, ही गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. गाडीवाल्याचा राग यावा, आणि तो आलाही. तथापि त्याने विचारलेला शेवटचा प्रश्न केवळ निर्लज्जपणाचा होता, असे म्हणवत नाही. तो आपणां सर्वांनाच उद्देशून होता. अशी गाडी पकडली गेली, म्हणजे वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. कोठे छापा पडला, म्हणजे किती सिलिंडर, किती वजनकाटे व किती मोटारी जप्त झाल्या याची यादी येते. आणि एखाद्या वेळी स्फोटच झाला, म्हणजे आठ दिवस हळहळ होते. मग पुन्हा सारे पूर्ववत. हे असे का होते, आणि ज्या वायूच्या नावाने एवढी भीती वाटते तो वायूच यात दोषी आहे काय, याचा शांतपणे विचार करावयास हवा.

प्रथमच स्पष्ट सांगावयाचे ते हे की, गॅसवर मोटार चालविणे हा गुन्हा नव्हे आणि तो वेडेपणाही नव्हे. एलपीजी, म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम वायू, हे मोटारीचे एक चांगले, स्वच्छ आणि जगाने पारखून घेतलेले इंधन आहे. गुन्हा आहे तो त्याच्या चोरवाटेत. आणि ही चोरवाट केवळ पोलिसांच्या छाप्यांनी बंद होणार नाही. सरळ वाट तिच्याइतकी जवळची आणि तिच्याइतकी परवडणारी केली, तरच ती ओस पडेल.

पेट्रोलचा सख्खा भाऊ

या वायूचा शोधच मुळी मोटारीच्या निमित्ताने लागला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पेट्रोलमधून काहीतरी सारखे उडून जाते, अशी तक्रार होती. त्या वाफांचा माग काढताना वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाला प्रोपेन, ब्युटेन आदी वायू सापडले. म्हणजे आपल्या चुलीवर आज जो निळ्या ज्योतीने जळतो, तो पेट्रोलच्या घरातून पळालेला त्याचा सख्खा भाऊच होय. खनिज तेल शुद्ध करताना आणि नैसर्गिक वायू जमिनीतून काढताना तो मिळतो. एरवी तो वायूच. पण वातावरणाच्या सात-आठ पट दाबाखाली तो द्रव होऊन राहतो, आणि मोकळा सोडला की सुमारे अडीचशे पट फुगतो. ज्याला सीएनजी म्हणतात तो नैसर्गिक वायू गाडीत साठवावयाचा, तर वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब द्यावा लागतो व त्यासाठी जाड, जड टाकी लागते. एलपीजीला असा खटाटोप लागत नाही. तो पेट्रोलसारखाच टँकरमधून येतो, पंपाखालच्या टाकीत साठतो आणि दोन-चार मिनिटांत गाडीत भरता येतो.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका लिटर एलपीजीचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक, तर पेट्रोलचे पाऊण किलोच्या आसपास भरते. साहजिकच लिटरमागे गाडी पेट्रोलपेक्षा कमी पळते. टाकीमुळे सामानाची जागा जाते. इंजिनाच्या झडपांची काळजी अधिक घ्यावी लागते. पण त्याच्या ज्वलनात काजळी जवळजवळ नसते, आणि तेवढ्याच अंतरासाठी कार्बन डायऑक्साइडही पेट्रोलपेक्षा कमी निघतो. ज्या शहरात उभ्या रिक्षांच्या धुराने शाळेच्या फाटकापाशी मुलांना खोकला येतो, त्या शहराला हा गुण लहान नव्हे.

इतरांनी हे केव्हाच ओळखले. जपानमधील टॅक्सी १९६० नंतरच्या दशकात या वायूकडे वळल्या. पुढे २०१७ मध्ये तेथे खास टॅक्सीसाठी जी नवी मोटार काढण्यात आली, तीही एलपीजी व वीज या जोडीवर चालणारी. हाँगकाँगने २००० साली डिझेलच्या टॅक्सी काढून एलपीजीच्या आणण्याची योजना आखली, आणि २००३ अखेर तेथील सुमारे अठरा हजार टॅक्सी जवळजवळ सर्वच बदलल्या. इटलीत गाड्यांना बसवावयाची गॅसची सामग्री बनविणारे कारखाने १९५० नंतरच्या दशकापासून आहेत. तुर्कस्तानात तर मागील दशकात अशी वर्षे होऊन गेली की, पेट्रोलवरील मोटारींपेक्षा गॅसवरील मोटारींची संख्या अधिक होती.

आपल्याकडेही मोटारीला पेट्रोलखेरीज काही चालत नाही, असे पूर्वीचे लोक कधी मानीत नसत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा मागच्या बाजूस कोळशाची भट्टी लावलेल्या मोटारी महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून धावत होत्या. कोळशाच्या त्या धुरकट वायूवर घाट चढणाऱ्या, आणि न चढल्यास उतारूंनी खाली उतरून ढकलावयाच्या, त्या गाड्यांच्या आठवणी जुन्या पिढीने पुष्कळ सांगितल्या आहेत. गरज पडली तेव्हा आपण इंधन बदलले. आज प्रश्न गरजेचा आहेच. अडले आहे ते व्यवस्थेचे.

कायदा झाला, पुढे काय?

कायद्याने हा मार्ग मोकळा होऊन आता दोन तपे उलटली. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली आणि बॅटरी, सीएनजी, सौरशक्ती, एलपीजी अशा अन्य इंधनांवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त सामग्री बसविण्यास मुभा मिळाली. मोटारींतील एलपीजीच्या वापराचे नियमन करणारा केंद्र सरकारचा स्वतंत्र आदेश २००१ मध्ये निघाला. पुढे कारखान्यातूनच गॅसची टाकी बसवून बजाजच्या रिक्षा आणि मारुतीच्या ओम्नी व वॅगन आर या मोटारी बाजारात आल्या. दुसऱ्या बाजूस, घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकाखेरीज अन्यत्र वापरण्यास बंदी घालणारा आदेश २००० सालचाच. म्हणजे वाट कोणती आणि आडवाट कोणती, हे शासनाने एकाच सुमारास ठरवून दिले होते.

याच वेळी, सप्टेंबर २००१ मध्ये, केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहनांच्या इंधनाचे धोरण ठरविण्यासाठी समिती नेमली. दिल्लीतील बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा आदेश तेव्हा गाजत होता. त्या पार्श्वभूमीवर समितीने २००२ च्या अहवालात जे सूत्र मांडले, त्यातील शहाणपण आजही कमी झालेले नाही. शासनाने धुराची मर्यादा ठरवून द्यावी. ती पाळण्यासाठी कोणते इंधन व कोणते तंत्र वापरावयाचे, हे बनविणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने ठरवावे, असा त्याचा आशय होता. परंतु वापरणाऱ्याने ठरवावे असे म्हणावयाचे असेल, तर त्याच्या पुढ्यातील तराजू तरी सरळ हवा. तो तसा नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यात घरगुती गॅसवर ५ टक्के, तर मोटारीत भरावयाच्या गॅसवर १८ टक्के कर बसला. गाडीला बसवावयाच्या सामग्रीवर त्या वेळी २८ टक्के लागला. वस्तुतः मोटारीचा गॅस काय किंवा चुलीचा गॅस काय, दोन्ही प्रोपेन आणि ब्युटेन यांचीच मिश्रणे. मोटारीच्या गॅससाठी मिश्रणाचे काही वेगळे मानक आहे, इतकेच. शिवाय घरच्या सिलिंडरचा भाव सर्वसामान्यांना झेपावा म्हणून खर्चाहून कमी ठेवला जातो. त्यापायी तेल कंपन्यांना झालेल्या तोट्याची भरपाई म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये २२ हजार कोटी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपये मंजूर केले. गरिबाच्या घरात चूल धुराशिवाय पेटावी, हा हेतू उत्तमच आहे. त्याविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. पण एकच वस्तू दोन दारांनी दोन भावांत विकावयास ठेवली, म्हणजे स्वस्त दाराने घेऊन महाग दारापाशी विकणारा मधला माणूस जन्माला येतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

भाव माणसाला वाट दाखवितो

कोल्हापूरकरांना हा नियम पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. कागल ओलांडून निपाणीच्या दिशेने गेले की कर्नाटकाची हद्द लागते. तेथे पेट्रोल-डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त असल्याने, कामानिमित्त त्या बाजूस जाणारा आपला गाडीवाला वर्षानुवर्षे टाकी तिकडेच भरून येतो. पंपवालेही मराठीतून पाट्या लावून त्याला आग्रहाने बोलावतात. यात बेकायदेशीर काही नाही. पण लिटरमागे काही रुपयांच्या फरकासाठी माणूस राज्याची सीमा ओलांडतो, तर त्याहून मोठ्या फरकासाठी तो नियमाची सीमा ओलांडणार नाही, असे आपण कोणत्या भरवशावर मानतो?

याच फरकाचे एक भीषण रूप महाराष्ट्राने पाहिलेले आहे. शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल अनुदानामुळे अतिशय स्वस्त आणि डिझेल महाग होते, त्या काळात भेसळीचा धंदा राज्यभर माजला होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ हा काळा व्यवहार पाहून तेथे थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर छापे पडले, अटका झाल्या, संपही झाले. परंतु रॉकेलच्या भेसळीचे मूळ उखडले गेले, ते रॉकेलवरील अनुदान टप्प्याटप्प्याने संपत गेले व दोन भावांमधील दरी बुजत गेली तेव्हा. रॉकेलसाठी जे खरे ठरले, ते गॅससाठी खोटे ठरण्याचे कारण दिसत नाही.

या चोरवाटेवर नेमके काय चालते, हेही समजून घ्यावयास हवे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. दहा घरांच्या सिलिंडरांतून वाटेत दीड-दीड किलो काढून घेतला, की अकरावा सिलिंडर विकावयास तयार. महिनाभर पुरणारा गॅस सत्ताविसाव्या दिवशी संपला म्हणून जी गृहिणी सुनेवर किंवा स्वतःवर चिडते, तिच्या स्वयंपाकघरातून तो गॅस कदाचित एखाद्या व्हॅनमध्ये गेलेला असतो. ज्या घरांत सिलिंडर उरतात, तेथूनही तो बाहेर पडतो. मग एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटा, विजेची छोटी मोटार आणि रबरी नळी एवढ्या भांडवलावर तो गाडीत उतरविला जातो. हा वायू हवेहून दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळाला तर वर उडून जात नाही. पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या पुढे गेले, की विजेच्या बटनाची एक ठिणगी पुरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात अशाच एका बेकायदेशीर ठिकाणी प्रवाशांसह उभ्या असलेल्या ओम्नी गाडीत गॅस भरताना स्फोट झाला. आत बसलेली माणसे होरपळली आणि त्यांतील काही दगावली. त्यांचा अपराध एवढाच की, ती प्रवासाला निघाली होती.

याउलट कायद्याने बसविलेल्या टाकीकडे पाहावे. ती गाडीच्या सांगाड्याला पोलादी पट्ट्यांनी जखडलेली असते. टाकी ८० टक्के भरली की झडप आपोआप बंद होते, कारण उन्हाने द्रव फुगण्यास जागा लागते. इंजिन थांबले की गॅसचा मार्ग बंद होतो, नळी तुटली तरी बंद होतो, आणि झडपेपाशी गळती झालीच तर वायू गाडीच्या आत न येता नळीवाटे बाहेर जावा अशी योजना असते. टाकीची दर पाच वर्षांनी चाचणी करावयाची असते. घरचा सिलिंडर असा बनविलेलाच नसतो. तो उभा ठेवून वरून केवळ वायू घेण्यासाठी आहे. आडवा केला की झडपेतून द्रव बाहेर येतो, आणि खड्ड्याखड्ड्याला हादरणाऱ्या गाडीत तो ठेवण्याचा विचार त्याच्या कारागिराने स्वप्नातही केलेला नसतो. वायू एकच, एक घर सुरक्षित, दुसरे घर स्मशानाच्या वाटेवरचे. फरक व्यवस्थेचा आहे.

आक्षेप आणि उत्तरे

या सर्वांवर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून, मुख्यतः आखाती देशांतून, आणतो. तेव्हा चुलीचा घास गाडीच्या तोंडी का घालावा? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून कोट्यवधी नवी घरे या वायूची गिऱ्हाइके झाली आहेत. जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहिलेल्या पिढीला हा आक्षेप चटकन पटेल. परंतु गाडी गॅसवर न चालली तर ती पेट्रोलवर चालणार, आणि पेट्रोल ज्या खनिज तेलापासून होते त्याचा तर याहूनही मोठा हिस्सा आयात होतो. शिवाय देशातील एकूण एलपीजीत पंपावरून मोटारींना विकल्या जाणाऱ्या गॅसचा वाटा एक टक्काही नाही, आणि तोही घटत आलेला. मोटारी चुलीचा घास पळवितात हे खरे; पण तो पंपावरून नव्हे, चोरवाटेने. पंप वाढले तर चुलीचेच रक्षण होईल.

दुसरा आक्षेप असा की, आता सीएनजी आला आहे आणि विजेच्या रिक्षाही आल्या आहेत. मग या जुन्या गोष्टीची चर्चा हवी कशाला? जेथे सीएनजी सुखाने मिळतो तेथे तो वापरावा. विजेवरील वाहनांचे तर स्वागतच केले पाहिजे. पण नवी गाडी घेण्याची ऐपत ज्याच्यापाशी नाही, त्याची जुनी गाडी आणखी दहा वर्षे रस्त्यावर राहणार आहे. व्हॅनवाला कर्जाचे हप्ते फेडीत असतो. त्याला उद्याच्या तंत्रज्ञानाच्या गोष्टी सांगून आजचा सिलिंडर बाकाखालून निघत नाही. आणि गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, आजरा अशा डोंगरी तालुक्यांत पेट्रोलचा टँकर ज्या सहजतेने पोचतो, त्याच सहजतेने एलपीजीचाही पोचू शकतो. कोणतेही एक इंधन सर्वांना सर्वत्र पुरे पडेल, हा हट्टच सोडावयास हवा.

तिसरा आक्षेप सरकारी तिजोरीचा. पण ज्या वस्तूचा खपच एक टक्क्याहून कमी, तिच्यावरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, तर तिजोरीचे असे कितीसे नुकसान होणार? उलट, घरगुती सिलिंडर म्हणून स्वस्तात बाहेर पडणारा आणि ज्याची भरपाई शेवटी त्याच तिजोरीतून करावी लागते, असा पुष्कळसा गॅस वाचेल. अर्थात, केवळ कर समान केल्याने दरी पूर्णपणे बुजेल असा दावा येथे नाही. घरगुती गॅसची सवलत सिलिंडरच्या भावात न देता लाभार्थ्याच्या बँक खात्यात देण्याची पद्धत १ जानेवारी २०१५ पासून देशभर सुरू झाली, ती याच तत्त्वावर. ती पद्धत पुढे नेताना हातावर पोट असलेल्या घराला आधी पुरे पैसे भरावे लागतात, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय शोधावा लागेल. परंतु दरी जितकी अरुंद होईल, तितका चोराचा धंदा आतबट्ट्याचा होईल. तो अशक्य करता आला नाही, तरी न परवडणारा करता येतो.

कोल्हापूरने काय करावे

करांचे दर दिल्लीत ठरतात, आणि तेथे आपला आवाज किती पोचतो हे आपण जाणतो. तथापि सगळेच दिल्लीवर ढकलून हात झटकणे हे या शहराच्या परंपरेला शोभणारे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बिघडलेल्या यंत्राचा नवा भाग घडवून देणारे हात आहेत. येथल्या कारखान्यांनी शेतकऱ्यांसाठी तेलाची इंजिने बनविली. येथल्या ओतशाळांतून मोटार-कारखान्यांना लागणारे इंजिनाचे भाग देशभर जातात. ज्या गावात इंजिनाची नाडी ओळखणारे मेस्त्री गल्लोगल्ली आहेत, त्या गावात गॅसची मान्यताप्राप्त सामग्री बसविणारे व तिची वेळच्या वेळी तपासणी करणारे शिक्षित कारागीर तयार करणे कठीण का असावे? येथील तंत्रनिकेतने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व उद्योजकांच्या संघटना यांनी परिवहन कार्यालयाच्या देखरेखीखाली असा लहानसा अभ्यासक्रम चालविला, तर चोरून जोडणी करणारा उद्याचा अधिकृत कारागीर होऊ शकेल. आज त्याच्यापुढे काम एक, पण दारे दोन आहेत. आणि उघडे आहे ते चुकीचे दार.

छापे घालू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. पण छाप्यात पकडलेल्या गाडीवाल्याला केवळ दंड करून सोडले, तर दंडाची रक्कम भरून काढण्यासाठी तो उद्या पुन्हा त्याच शेडमध्ये जाईल. त्याला ठराविक मुदत द्यावी. मान्यताप्राप्त टाकी बसविण्यासाठी सहकारी बँका व पतसंस्था यांनी हलक्या व्याजाने लहान कर्ज द्यावे. दुभत्या जनावरासाठी कर्ज देणाऱ्या या जिल्ह्याच्या सहकाराला एका टाकीचे कर्ज जड जाऊ नये. मुदत संपल्यावरही जो सुधारणार नाही, त्याची मात्र गय करू नये.

आणि सर्वांत जवळचे कर्तव्य शाळेचे आहे. महाराष्ट्रात शालेय वाहतुकीचे नियम २०११ मध्ये झाले. त्यांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावयास हवी. पालक, पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षक यांचा तीत समावेश आहे. ही समिती कागदावर किती ठिकाणी आहे आणि प्रत्यक्षात किती ठिकाणी बसते, याचे उत्तर शिक्षक वाचकांनी आपल्यापुरते मनाशी द्यावे. तिने वर्षातून दोनदा जरी फाटकापाशी उभे राहून प्रत्येक गाडीचे नोंदणीपत्र पाहिले, त्यात इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचले, गाडीतील टाकीवर क्रमांक व चाचणीची तारीख कोरलेली पट्टी आहे की नाही ते तपासले, तरी निम्मे काम होईल. यासाठी अभियंता असावे लागत नाही. डोळे उघडे असावे लागतात. जी लिपिक मंडळी कार्यालयात एकेका कागदाची छाननी करतात, त्यांनी आपल्या मुलाच्या गाडीचा एक कागद मागून पाहण्यास कोणती अडचण आहे?

येथे पालकांनाही एक कटू गोष्ट ऐकविली पाहिजे. आपल्याला स्वस्त गाडी हवी असते. तीत सातांच्या जागी बारा मुले कोंबली जातात, हे आपण पाहतो आणि न पाहिल्यासारखे करतो. महिन्याला शंभर रुपये वाढवून मागणाऱ्याला सोडून आपण दुसऱ्याकडे जातो, आणि तो दुसरा स्वस्तात कसा नेतो हे विचारीत नाही. गाडीवाल्याच्या सिलिंडरला आपल्याही काटकसरीची दोरी बांधलेली आहे. घरी सिलिंडर आला की तो तोलून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे, तो बजावावा. आणि गाडी दारात आली की तिच्या बाकाखाली वाकून पाहणे हे पालकाचे कर्तव्य आहे, तेही करावे.

विज्ञानाने दिलेले साधन चांगले की वाईट, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा साधनात नसते. या वायूने लक्षावधी स्त्रियांचे डोळे धुरापासून सोडविले. तोच वायू शहरातील रिक्षा व मोटारींचा धूरही कमी करू शकतो. त्याच्यासाठी आपण कायदा केला, मानके ठरविली, टाक्या बनविल्या. फक्त प्रामाणिकपणे वागणाऱ्याला ते परवडेल, एवढे पाहावयाचे राहून गेले. जेथे सरळपणा महाग आणि आडमार्ग स्वस्त असतो, तेथे माणसे बिघडतात, आणि मग त्या माणसांना आपण दोष देत बसतो.

त्या मुलीला तिच्या घरच्यांनी पुढे दुसऱ्या गाडीत घातले. जुना व्हॅनवाला अधूनमधून रस्त्यात दिसतो, ओळखीचे हसतो, हात करतो. त्याच्या बाकाखाली आज काय आहे, हे विचारण्याचे धाडस होत नाही. पण त्याच्या मागच्या काचेतून तीन दप्तरे दिसतात. म्हणजे फळीवर अजून कोणीतरी बसलेले आहे.